सहा माशांची अट आणि पाटील काकूंचा डबा

आमच्या टाकीत जास्तीत जास्त सहा मासे राहू शकतात, हे मी कागदावर गणित मांडून सिद्ध केलं होतं. माशांना गणित येत नाही, त्याला मी काय करणार?

मी बेलापूरला एका सरकारी कार्यालयात आहे. माझ्या टेबलावर येतात ते सभागृहांचे अर्ज. आत किती माणसं बसवायची, तो आकडा माझ्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. कमाल पाचशे म्हणजे पाचशे. पाचशे एकावा माणूस प्रमुख पाहुणा असला तरी बाहेर! (असं मी ऑफिसात म्हणते. घरी मला विचारून एकही पाहुणा आलेला आठवत नाही.)

तर आमची सानू, वय वर्षं नऊ, “मासे हवेत, मासे हवेत” म्हणून दोन वर्षं माझ्या मागे लागली होती. सासूबाई सुरुवातीला तिच्या बाजूने होत्या. “आण की! बुधवारी बांगडे ताजे मिळतात,” असं म्हणाल्या. नीट समजावून सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. “नुसते बघायचे?” त्यांनी तीनदा विचारलं. सासूबाई मूळच्या गुहागरच्या. मासा आणून त्याला आपणच खायला घालायचं, हे त्यांनी सत्तर वर्षांत ऐकलं नव्हतं.

शेवटी मी हो म्हटलं. टाकी ठरली दीड फुटाची, चपलांच्या कपाटावर मावेल अशी. आता प्रश्न, मासे किती? माझा नवरा अमोल ऐरोलीच्या एका कंपनीत आहे. तो लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला, “पंधरा ठेवू. भरलेली छान दिसते.” दुकानदार म्हणाला, “टाका की बिनधास्त पंचवीस, मॅडम! जीव केवढासा त्यांचा!” सासूबाई म्हणाल्या, “अकरा घ्या. शुभकार्य आहे.” मोबाईलवर शोधलं तर जितकी माणसं तितकी उत्तरं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला मासे मारणारा म्हणत होता. मग मी कागद-पेन घेऊन बसले. टाकीत पाणी तीस लिटर. एका माशाला पाच लिटर. तीस भागिले पाच, सहा. विषय संपला!

“सहा?” सासूबाई दचकल्या. “सम आकडा? अगो, कुणाला आहेर करताना सहा देतात का?”

“आई, आहेर नाहीये हा.”

“मग पाच घे नाहीतर सात घे. सहा म्हणजे काहीतरी अडून राहिल्यासारखं वाटतं.”

“सहा!” मी म्हटलं, आणि रीतसर अट लिहून काढली. ‘सदर टाकीत कमाल सहा (अक्षरी सहा) मासे ठेवण्यात येतील. सातवा मासा आढळल्यास टाकी विनाविलंब दुकानात परत करण्यात येईल.’ खाली माझी सही. सानूने कागद तीनदा वाचला.

“आई, खरंच परत करशील?”

“शब्द म्हणजे शब्द.”

तिने जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत सही केली. कागद टाकीच्या काचेवर चिकटवला. शिक्का तेवढा मारायचा राहिला.

दुकानदाराने सहा गप्पी मासे दिले. तीन रंगीत शेपटीचे आणि तीन साधे. रंगीत ते नवरे आणि साध्या त्या बायका, हे मला कुणी सांगितलं नाही. साध्यांची पोटं मोठी होती. मला वाटलं, हाडापेराने मजबूत असतील.

आता सांगायला हरकत नाही, ती टाकी मला फार आवडायला लागली. ऑफिसातून आले की पर्स खांद्यावर तशीच ठेवून मी आधी टाकीसमोर बसायचे. सहा जीव, एकाचीही तक्रार नाही, एकाचाही अर्ज नाही! चहा गार व्हायचा. पण घरात हे कुणाला कळू दिलं नाही. कुणी आलं की मी काच पुसतेय असं दाखवायचे.

एका गुरुवारी सानू दात घासता घासता ओरडली, “आई, पाण्यात नुसते डोळे आहेत!”

धावत गेले. खरंच डोळे होते. टिंबाएवढे काळे डोळे, आणि निरखून पाहिलं तर त्यांच्यामागे केसाएवढं अंग. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते, हे ज्ञान मला त्या सकाळी झालं. अमोलने मोजली, नऊ. सानूने मोजली, वीस. सासूबाई म्हणाल्या, “मोजू नका रे, दृष्ट लागते बाळांना!” शेवटी फोटो काढून, मोठा करून, पेनाने खुणा करत मी मोजली तेव्हा पंधरा भरली.

सानूचा चेहरा पांढराफटक. तिने काचेवरची अट वाचली, मग माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, “आई, बसमध्ये छोट्या मुलांना तिकीट नसतं.”

मुद्दा बिनतोड होता. मनातून मला हायसं वाटलं, पण तोंडाने मी साहेबी सोडली नाही. “ठीक आहे. मुदतवाढ देते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मोजणी. त्या दिवशी सातवा दिसला तर टाकी परत. मग रडायचं नाही.” हे मी सासूबाई, नवरा आणि भांडी घासणाऱ्या मावशी, तिघांच्या देखत बोलले. एकांतात बोलले असते तर मागे तरी घेता आलं असतं.

पिल्लं जरा धरण्याजोगी झाल्यावर मी वाटप काढलं. तीन डबे, प्रत्येकी पाच मासे. पहिला डबा समोरच्या पाटील काकूंना. काकू मूळच्या इथल्याच, तळवली गावच्या. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची, त्यामुळे सोसायटीत कुठेही त्या आपल्याच अंगणात वावरल्यासारख्या वावरतात. दुसरा डबा खालच्या कांबळे वहिनींना आणि तिसरा वरच्या कुलकर्णी आजोबांना. काकूंनी झाकण उघडून गालावर हात ठेवला. “आगं बाय, किती नाजूक गो! नातीला दाखवते माज्या.”

सोमवारी टाकीत बरोबर सहा! त्या दिवशी मी ऑफिसात दोन सभागृहं एका बैठकीत मंजूर केली.

पण एक चूक झाली होती. मासे प्लास्टिकच्या पिशव्यांतून दिले असते तर परत काही यायचा प्रश्नच नव्हता. मी दिले स्टीलच्या डब्यांतून, माझ्या माहेरचं नाव कोरलेल्या. आणि शेजारचा डबा आपल्याकडे कुणी रिकामा परत करत नाही! लाडू आले तर चकल्या जातात, चकल्या आल्या तर वडी जाते, आणि घरात काहीच नसेल तर निदान चिमूटभर साखर. पण डब्यातून पाच जिवंत मासे आल्यावर काय पाठवायचं? साखर पाठवणं बरं दिसतं का?

मंगळवारी बेल वाजली. पाटील काकू.

“घे तुजा डबा.”

“अहो काकू, कशाला एवढं!” मी हात पुढे करतच म्हटलं. लाडू असतील असं वाटलं होतं. आत तीन काळेभोर मासे, चांगले गुबगुबीत.

“काकू, हे...”

“रिकामा कसा देवू बाय? तुला हौस हाय ना माशांची. बाजारात जावून मुद्दाम आनलं!”

नऊ झाले. बुधवारी कांबळे वहिनी आल्या, पाच पट्टेवाले घेऊन. “तुम्ही पाच दिलेत, मग आम्ही कमी कसे द्यायचे?” चौदा. गुरुवारी कुलकर्णी आजोबा एकच गोल्डफिश घेऊन आले, पण तो माझ्या मुठीएवढा, अगदी खात्यापित्या घरचा! माझ्या डब्यात मावत नव्हता म्हणून त्यांनी आपला मोठा कडीचा डबा आणला. माझा डबाही परत केला, आणि तोही रिकामा नाही, आत शेंगदाण्याची चिक्की होती. चिक्की तेवढी संपली.

“आई, तुम्ही दारातच नको म्हणा ना त्यांना!” मी सासूबाईंना विनवलं.

“दारात आलेला जीव परत पाठवू? मला नाही जमायचं. तूच उभी राहा दारात.”

मी दारात उभी राहिले. कांबळे वहिनींची पुतणी आणखी दोन घेऊन आली तेव्हा मीच म्हटलं, “अगं, कशाला त्रास घेतलास?” आणि डबा आत घेतला. त्यात आमच्या दुसऱ्या साध्या बाईसाहेब बाळंत झाल्या. पाणी गढूळ दिसू लागलं. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. सानू शाळेतून आली की दप्तर न काढता मोजायला बसायची. शेवटचा रविवार पाच दिवसांवर आला होता.

बरं, गंमत अशी की आता आमच्याकडेही लोकांचे डबे साठले होते. आजोबांचा कडीचा डबा, काकूंचा एक, वहिनींचा एक. मी ऑफिसला गेल्यावर ते परत करायचं काम सासूबाईंकडे. ते त्या कसं करत होत्या, याची चौकशी मी केली नाही. माझंच चुकलं.

सानूने एका पिल्लाचं नाव ठेवलं होतं ‘कंगवा’. त्याच्या शेपटीचा तुकडा गेलेला, उरलेले दाते तेवढे दिसायचे. तिचा त्याच्यावर फार जीव. शुक्रवारी कांबळे वहिनींकडून डबा आला. झाकण उघडताच सानू किंचाळली, “आई! कंगवा परत आला!”

“परत आला? गेला कधी होता?”

सासूबाई एकाएकी मेथी निवडायला बसल्या.

“आई?”

“ते आजोबांचा डबा द्यायचा होता मंगळवारी. रिकामा कसा देऊ?”

“अहो, साखर होती की घरात!”

“साखर संपत आली होती,” सासूबाई मेथीशी बोलल्या. “आणि टाकीत होते ना भरपूर. म्हटलं, तेवढेच कमी होतील.”

मग सगळा उलगडा झाला. आमच्या सासूबाईंनी कंगवा आजोबांच्या डब्यात घातला, आजोबांनी काकूंच्या डब्यात, काकूंनी वहिनींच्या, आणि वहिनींनी तो आमच्याकडे पाठवला. चार दिवसांत कंगवा अख्खी विंग फिरून आला. इतक्या घरांत मी पाच वर्षांत गेले नव्हते! आणि एकटा परत आला असता तरी चाललं असतं, पण हा येताना तिघांना घेऊन आला होता.

शनिवारी मी पदर खोचला (पंजाबी ड्रेसवर होते, ओढणी खोचली) आणि समोरचं दार ठोठावलं. काकू भेंडी चिरत होत्या.

“काकू, एक विनंती आहे. यापुढे आमचा डबा रिकामा द्या.”

सुरी थांबली. “रिकामा?” काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, मी काहीतरी अमंगळ बोलले. “लेकीसुनांचं घर तुजं. रिकामा डबा देवून मी कुटं पाप फेडू?”

मी त्यांना सगळं सांगितलं. तीस लिटर, भागिले पाच, सहा. अट, सही, उद्याची मोजणी, सानूचं तोंड. काकूंनी भेंडी बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकलं.

“मासं असं भागाकार करून ठेवतात का गो? आमच्या सासऱ्याचं तलं व्हतं हितं, तुमचं पार्किंग हाय ना, तितं. कोन मोजायला बसलंय? पान्यात नाक घालायचं. वास आला तर मासं जास्ती. नाय आला तर बराबर.”

घरी आले. हॉलमध्ये कुणी नव्हतं. टाकीचं झाकण उचललं आणि नाक घातलं. वास असा आला की काकूंच्या सासऱ्यांना मी मनोमन हात जोडले. जोडायला झाकण सोडलं, ते मानेवर पडलं, आणि नाकासकट चष्मा पाण्यात! गोल्डफिश लगेच चौकशीला आला आणि त्याने माझ्या नाकाचा शेंडा चाखून बघितला. मी केवढ्याने ओरडले! अमोल आतून हातात लॅपटॉप घेऊनच धावत आला. त्याची मीटिंग चालू होती आणि कॅमेरासुद्धा.

“मनीषा! काय करतेयस तू?”

“वास घेतेय!” चष्म्यासाठी कोपरापर्यंत हात टाकीत, तोंडावरून पाणी निथळतंय, गालाला शेवाळ, अशी मी म्हटलं. लॅपटॉपवर आठ माणसं होती. अमोलच्या कंपनीच्या सहलीला मी तेव्हापासून गेलेले नाही.

रविवार उजाडला. सगळे टाकीसमोर उभे. मोजले. तेवीस.

मला वाटलं होतं, सानू भांडेल. बसचं तिकीट काढेल, आजीकडे बोट दाखवेल. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. पण ती सरळ आत गेली. बाथरूममधून बादली आणि मग आणला. काचेवरची अट नखाने हळूहळू सोडवली, घडी केली, माझ्या हातात दिली.

“बाबा, दुकान किती वाजता उघडतं?” ती म्हणाली. “आणि कंगव्याला वेगळ्या पिशवीत द्यायला सांगा हां. मोठे मासे त्याला टोचतात.”

पोरीने दोन वर्षं मागून मिळवलेली वस्तू, आणि ती माझा शब्द पाळायला निघाली होती. जास्तीचा एकही मासा तिने आणला नव्हता. सगळे मी हात पुढे करून घेतले होते. मला म्हणायचं होतं, राहू दे गं. पण ‘शब्द म्हणजे शब्द’ घशात हाडासारखं अडकलेलं. तिने पहिला मग पाण्यात बुडवला आणि माझा बांधच फुटला.

“नको! मला हवीय ती टाकी! मला हवीय!” मी भोकाड पसरलं. सानू रडायची ती बाजूलाच राहिली, मीच रडत होते, चाळिशीची बाई, बादली कवटाळून!

“तुला आवडते?” सानूने विचारलं. “मग तू सारखी काच का पुसायचीस?”

“अगो, मग आधी नाही का सांगायचंस!” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या धाकाने मी मेले डबे भरभरून मासे बाहेर काढत होते.”

“पण वासाचं काय?” अमोल म्हणाला. त्याचं बरोबर होतं. टाकी ठेवायची म्हटलं तरी तेवीस जणांनी त्या पाण्यात जगायचं कसं? सानूने हातातला मग खाली ठेवला नव्हता. ती माझ्याकडे बघत होती.

तेवढ्यात बेल वाजली. दारात पाटील काकू, मागे पाटील काका घामाघूम, आणि दोघांच्या मधे चार फुटांची काचेची टाकी!

“गावच्या घरी माल्यावर पडली व्हती,” काकू म्हणाल्या. “रात दीस तुजाच इचार गो. तुजं मासं नाय जास्ती. टाकी ल्हान हाय!”

इतकं सोपं! मी काकूंच्या गळ्यात पडले. सानू तर काका-काकू-टाकी, तिघांच्याही गळ्यात पडली. माझा जीव भांड्यात पडला, आणि मग मी त्या टाकीत डोकावले. तळाला टीचभर पाणी होतं. पाण्यात नऊ मासे होते.

“काकू, हे?”

“आता रिकामी टाकी कशी देवू बाय?”

असे बत्तीस झाले. पण ठेवायची कुठे? हॉलमध्ये सोफा, टीव्ही, अमोलचं टेबल. एका भिंतीला देवघर. सानू टेप घेऊन घरभर फिरली. चार फूट भिंत आणि जवळ प्लगसुद्धा, अशी अख्ख्या घरात एकच जागा निघाली. बेडरूममध्ये, माझं आरशाचं कपाट होतं ती.

“मग कपाट कुठे जाईल?” मी विचारलं.

सासूबाईंनी उत्तर तयारच ठेवलं होतं. “काकूंची टाकी घेतली. त्यांना काय रिकाम्या हाताने पाठवायचं?”

पाच मिनिटांत माझं कपाट, आरशासकट, पाटील काकांच्या आणि माझ्या नवऱ्याच्या खांद्यावरून समोरच्या घरी गेलं. ड्रॉवरमध्ये माझ्या टिकल्यांची पाकिटं होती, तीही गेली. सासूबाई म्हणाल्या, ड्रॉवर रिकामा देऊ नये.

तेव्हापासून रोज सकाळी मी त्या टाकीच्या काचेत बघून भांग पाडते. टिकली लावायला वाकले की बत्तीसच्या बत्तीस जण काचेशी गोळा होतात आणि आ वासून माझ्याकडे बघत राहतात. उभ्या आयुष्यात माझ्या रूपाकडे कुणी असं बघितलेलं नाही. सानू म्हणते, “आई, ते खाण्याची वाट बघतायत.” मी तिला म्हटलं, तू गप्प बस.